उबंटूत गायब, विंडोजमध्ये हजर: एका लॅपटॉपच्या वायफायचं प्रकरण

लॅपटॉप माझ्या भाचीचा. ती कऱ्हाडला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. 8 जीबी रॅम, 512 जीबीची एसएसडी, आत इंटेलचं एएक्स200 वायफाय कार्ड. विंडोज 11 खरेदीसोबतच आलेलं, आणि कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी म्हणून त्याच्या शेजारी टाकलेलं उबंटू 22.04, म्हणजे लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टिम. बटण दाबलं की ग्रबचा मेनू येतो, त्यातून हवं ते निवडायचं. तक्रार अशी: "मामा, उबंटूत वायफाय कधी येतं, कधी येत नाही. विंडोजमध्ये मात्र कायम असतं."

एवढ्यावरूनच बऱ्याच शक्यता गळतात. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, नसता तर उबंटूत वायफाय कधीच आलं नसतं. कार्ड सैल असतं किंवा अँटेनाची वायर निघालेली असती, तर विंडोजनेही कुरकुर केली असती. राउटरचा दोष असता तर खोलीतल्या बाकीच्या मुली गप्प बसल्या नसत्या. दोष एकाच बाजूला आहे आणि तिथेही येऊन-जाऊन आहे, म्हणजे उबंटू सुरू होताना दर वेळी काहीतरी एक गोष्ट वेगळी असते. ती कोणती, हे शोधायचं होतं.

माझ्यापर्यंत प्रकरण येण्याआधी होस्टेलवर बरेच उपचार झाले होते. रूममेटचं म्हणणं, उबंटू पुसून नव्याने टाक. एका सीनियरने नेटवर सापडलेल्या ओळी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, चिकटवल्या होत्या: पॉवर सेव्हिंग बंद केलं, इंटेल कार्डाच्या ड्रायव्हरला एक जादा पर्याय दिला, वर एक डीकेएमएस पॅकेजही, म्हणजे बाहेरून आणलेला ड्रायव्हर, चढवलं. आणखी एकाचा सल्ला होता की बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी तपासणी) बंद कर. तो तिने ऐकला नाही, ते बरं झालं. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवायची विंडोजची सोय, चालू असेल आणि सिक्युअर बूटला हात लावला, तर विंडोज पुढच्या वेळी 48 आकडी रिकव्हरी की मागत बसू शकतं, आणि ती की कुठे ठेवलीय हे ऐन वेळी कोणाच्याच लक्षात नसतं. तिच्या लॅपटॉपवर बिटलॉकर नव्हतं हे मागाहून कळलं, पण सल्ला देणाऱ्याने तेवढं विचारायची तसदीही घेतली नव्हती.

यात गंमत अशी की सीनियरचा प्रत्येक उपाय लागू पडला होता. त्याने काही केलं की वायफाय यायचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. मग पुढचा उपाय, पुन्हा तेच. हे असं का व्हायचं, ते पुढे येईलच.

आधी नोंदी, मग टर्मिनल

एका लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम असल्या की लोक प्रत्येकीचा हिशोब वेगळा धरतात. उबंटूत बिघाड आहे ना, मग उबंटूतच शोधा. पण कार्ड एकच आहे. उबंटू सुरू होतं तेव्हा ते कार्ड कोणाच्या हातून सुटून आलंय आणि कोणत्या अवस्थेत आलंय, याचा इतिहास उबंटूच्या लॉगमध्ये सापडणार नाही. म्हणून एकही कमांड न देता मी तिला एवढंच सांगितलं: उबंटू सुरू केलंस की दर वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाक. आधी काय चालू होतं, ते बंद कसं केलंस, आणि वायफाय आलं की नाही.

"बंद कसं म्हणजे? शट डाउन करूनच की."

"शट डाउन, रीस्टार्ट, स्लीप, झाकण मिटलं, बटण दाबून धरलं. जे केलं असशील ते."

थोड्याच दिवसांत चित्र स्पष्ट झालं. विंडोज शट डाउन करून नंतर उबंटू सुरू केलं की वायफाय नाही. विंडोजमधून रीस्टार्ट करून ग्रबमध्ये उबंटू निवडलं की वायफाय आहे. रात्री उबंटू चांगलं चालत असताना शट डाउन केलं आणि सकाळी पुन्हा उबंटूच उघडलं, तरीही आहे. एकच नोंद या रांगेत बसेना. त्या दिवशी आधी विंडोज होतं, लॅपटॉप बंदही केला होता, तरी उबंटूत वायफाय आलं. विचारल्यावर कळलं की विंडोज मध्येच अडकलं म्हणून तिने पॉवरचं बटण दाबून धरून ते पाडलं होतं. म्हणजे शट डाउन झालंच नव्हतं. न बसणारी नोंद उलट सगळ्यांत कामाची ठरली.

सीनियरचे उपाय लागू का पडायचे, तेही इथेच उलगडलं. उबंटूत नेट नाही म्हणून तो आधी विंडोजमध्ये जायचा, तिथे उपाय शोधायचा, हवी ती फाइल उतरवून घ्यायचा आणि रीस्टार्ट मारून उबंटूत यायचा. वायफाय यायचं ते त्या रीस्टार्टमुळे, श्रेय मिळायचं चिकटवलेल्या ओळीला. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

विंडोज 'बंद' होतं म्हणजे काय होतं

2012 साली विंडोज 8 सोबत फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आणि बहुतेक लॅपटॉपवर ती आपोआप चालू असते. ती चालू असताना शट डाउन म्हटलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुम्ही लॉग-आउट होता. पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल आणि ड्रायव्हर, पूर्ण बंद होत नाहीत. त्यांची त्या क्षणाची अवस्था सी ड्राइव्हवरच्या हायबरफिल नावाच्या लपवलेल्या फाइलमध्ये उतरवली जाते. पुढच्या वेळी विंडोज शून्यापासून सुरू न होता ती अवस्था परत मेमरीत भरतं, म्हणून लवकर उठतं. अर्धं हायबरनेशनच म्हणा. रीस्टार्टला मात्र ही सोय लागू नाही; तिथे सगळं पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होतं. एरवी माणसाला वाटतं, शट डाउन म्हणजे पक्कं बंद आणि रीस्टार्ट म्हणजे वरवरचं. इथे नेमकं उलटं आहे.

नुसतं विंडोज वापरणाऱ्याला याचा काहीच त्रास नाही. त्रास होतो तो मध्येच दुसरी सिस्टिम आली की. विंडोजच्या ड्रायव्हरने कार्ड 'आपण परत येणार आहोत' या हिशोबाने झोपवलेलं असतं. त्यात बऱ्याच लॅपटॉपमध्ये मशीन बंद असतानाही वायफाय कार्डाच्या स्लॉटला थोडी वीज मिळत राहते, त्यामुळे कार्ड पूर्ण विझत नाही. भाडेकरू सामान आत ठेवून, कुलूप लावून गावाला गेलाय आणि दुसरा भाडेकरू दारात येऊन उभा आहे, तशी गत. उबंटूचा ड्रायव्हर येतो, आपलं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, कार्डात चढवू बघतो, आणि पलीकडून उत्तरच येत नाही. लिनक्समध्ये इंटेल कार्डांचा जो आयडब्ल्यूएल-वायफाय ड्रायव्हर आहे, त्याच्या माहितीपानावरच ही सूचना लिहिलेली आहे: विंडोजसोबत ड्युअल बूट (एकाच मशीनवर दोन सिस्टिम) असेल आणि वायफाय सुरू होताना अडचण येत असेल, तर आधी फास्ट स्टार्टअप बंद करून बघा. हा दोष धड विंडोजचा नाही आणि उबंटूचाही नाही. दोघांच्या मधल्या हस्तांतरणाचा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत, प्रत्यक्ष मशीनवर

नोंदींवरून कारण जवळजवळ ठरलं होतं, पण पुरावा डोळ्यांनी बघायचा होता. ती साताऱ्याला घरी आली तेव्हा मुद्दाम विंडोज शट डाउन केलं आणि उबंटू सुरू केलं. सेटिंग्जमध्ये वायफायच्या जागी अ‍ॅडॉप्टर सापडत नाही असा संदेश. नेटची नड भागवायला फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं. अँड्रॉइड फोन असेल तर उबंटूला त्यासाठी वेगळं काही लागत नाही, आणि अशा वेळी पेन ड्राइव्हवर फाइली आणत बसण्यापेक्षा ते कितीतरी सोपं पडतं.

एलएस-पीसीआय कमांडला 'के' हा पर्याय देऊन मशीनच्या आतल्या भागांची यादी काढली. कार्ड यादीत होतं, म्हणजे स्लॉटमध्ये नीट बसलेलं आहे. त्याच्या खाली कोणतं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरची फाइल, या कार्डासाठी आहे ती ओळ होती, पण कोणता ड्रायव्हर प्रत्यक्ष वापरात आहे ती ओळ नव्हती. ड्रायव्हर आला, त्याने प्रयत्न केला आणि माघार घेतली, असा याचा अर्थ. कोणता रेडिओ चालू, कोणता बंद ते दाखवणाऱ्या आरएफकिलच्या यादीत फक्त ब्लूटूथ दिसत होतं, वायफायचं नावही नव्हतं. वायफाय 'ब्लॉक' झालंय असं दिसलं असतं तर गोष्ट वेगळी. मग कीबोर्डवरची विमानाची कळ किंवा लॅपटॉपच्या बटणांचं मॉड्यूल तपासावं लागलं असतं. इथे ब्लॉक करायला वायफाय जागेवरच नव्हतं.

ब्लूटूथ चालू आणि वायफाय मेलेलं, हे बघून भाची बुचकळ्यात पडली, कारण कार्ड एकच. पण या कार्डाचे दोन भाग मशीनशी दोन वेगळ्या रस्त्यांनी बोलतात: वायफाय पीसीआय एक्सप्रेसवरून, ब्लूटूथ यूएसबीवरून. एक रस्ता अडला तरी दुसरा चालू राहू शकतो. आणि ब्लूटूथ चालतंय म्हणजे कार्ड जळलेलं नाही, हा दिलासाही मिळाला.

मग डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी. त्यात आयडब्ल्यूएल-वायफायच्या ओळी वेगळ्या काढल्या. फर्मवेअरची फाइल सापडल्याची ओळ होती, म्हणजे फर्मवेअर पॅकेज नव्याने टाकून काही साधणार नव्हतं. त्याखाली 'फेल्ड टू स्टार्ट इनिट यूकोड: -110' आणि पाठोपाठ 'फेल्ड टू रन इनिट यूकोड: -110'. यूकोड म्हणजे तेच फर्मवेअर. लिनक्समध्ये 110 हा वेळ संपल्याचा क्रमांक. वाट पाहिली, उत्तर आलं नाही. फर्मवेअरची फाइलच नसती तर इथे -2 दिसला असता, आणि तपास वेगळ्या दिशेने गेला असता. लॉगमधला सगळा आरडाओरडा वाचत बसण्यापेक्षा हा शेवटचा आकडा आधी बघावा.

त्याच स्थितीत उबंटूतून उबंटूत रीस्टार्ट केलं. पुन्हा -110. नुसत्या रीस्टार्टने कार्डाची वीज तुटत नाही. मग लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं आणि परत सुरू केलं. वायफाय हजर. त्यानंतर विंडोजमध्ये जाऊन शिफ्ट दाबून धरत शट डाउन केलं. असं केलं की तेवढ्यापुरतं फास्ट स्टार्टअप टळतं आणि पूर्ण शट डाउन होतं. त्यानंतरही उबंटूत वायफाय हजर. याहून जास्त पुरावा कोणाला हवा असेल असं मला वाटत नाही, पण भाचीनेच बोलता बोलता आणखी दोन पुरावे दिले.

पहिला डी ड्राइव्हचा. उबंटूतून डी ड्राइव्हवरच्या फाइली उघडायच्या, पण कधी कधी तिथे काही सेव्ह होत नसे. ही वेगळी कटकट म्हणून तिने सांगितलीच नव्हती. लॉगमध्ये बघितलं तर एनटीएफएसच्या, म्हणजे विंडोजच्या फाइल-रचनेच्या, ओळीत सरळ लिहिलेलं होतं की मेटाडेटा (फाइलींचा हिशोब) विंडोजच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, आहे, पार्टिशन सुरक्षित स्थितीत नाही, म्हणून फक्त वाचण्यापुरतं जोडतोय. विंडोज अर्धवट झोपलेलं असताना त्याच्या डिस्कवर बाहेरच्याने लिहिलं तर डेटा बिघडू शकतो, म्हणून उबंटू हात आखडता घेतं. हे बरोबरच आहे. नेटवर या अडचणीवर डिस्क जबरदस्तीने माउंट करायच्या, म्हणजे जोडायच्या, कमांडी मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. मूळ कारण तेच, फास्ट स्टार्टअप.

दुसरा घड्याळाचा. "वायफाय नसतं तेव्हा घड्याळही चुकतं, साडेपाच तास पुढे जातं." यावरून एकाने मदरबोर्डवरचा सेल गेलाय असं निदान करून टाकलं होतं. पण बरोब्बर साडेपाच तास चुकणारा सेल कुठे असतो? विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं. उबंटू तीच वेळ ग्रिनिचची समजून तिच्यात साडेपाच तास मिळवतं. नेट मिळालं की उबंटू वेळ स्वतःच दुरुस्त करतं, म्हणून एरवी कोणाच्या लक्षात येत नाही. वायफाय नसेल तेव्हाच चूक उघडी पडते. म्हणजे घड्याळामुळे वायफाय जात नव्हतं, वायफाय गेल्यामुळे घड्याळ चुकलेलं राहत होतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या नोंदवहीत, 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल' ही नोंद 1 करून तो प्रश्न कायमचा मिटवला. उबंटूच्या बाजूने टाइमडेट-सीटीएल कमांडने स्थानिक वेळ धरायला लावणं हाही मार्ग आहे. आपल्याकडे वर्षातून दोनदा घड्याळ मागेपुढे करायची भानगड नसल्याने तोही चालून जातो.

उपाय, आणि उपायांचा उपाय

मुख्य उपाय दोन मिनिटांचा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांचं काम निवडायचं पान, तिथे सध्या बदलता न येणारी सेटिंग्ज खुली करायची आणि फास्ट स्टार्टअपसमोरची खूण काढायची. मी त्याऐवजी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी कमांडने हायबरनेशनच बंद केलं. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ती खूण परत लागल्याच्या तक्रारी पुष्कळ ऐकलेल्या आहेत. हायबरनेशन मुळातूनच बंद असेल तर ती धास्ती बरीच कमी होते. शिवाय हायबरफिल फाइल जाऊन सी ड्राइव्हवर 3 जीबीच्या आसपास जागा मोकळी झाली. बदल्यात हायबरनेट हा पर्याय गेला आणि विंडोज उघडायला काही सेकंद जास्त लागू लागली. एसएसडी असल्यामुळे तिला तो फरक जाणवलाही नाही.

वायफाय आता दर वेळी येऊ लागलं. पण वेग पाहिला तर रडका. आयडब्ल्यू कमांडने लिंकची माहिती काढली: बिटरेट 54.0 मेगाबिट प्रति सेकंद. कोणत्याही नव्या कार्डासमोर हा आकडा दिसला की थांबावं. ही 11जी आणि 11ए या वायफायच्या जुन्या पिढ्यांची कमाल मर्यादा आहे. कारण ईटीसीमधल्या मॉडप्रोब-डी या ड्रायव्हरचे पर्याय ठेवायच्या फोल्डरात सापडलं. सीनियरने चिकटवलेली ओळ तिथे तशीच बसून होती: 11एन डिसेबल, बरोबर 1. ही ओळ वर्षानुवर्षं नेटवर फिरतेय. एके काळी काही जुन्या कार्डांवर तिचा उपयोगही व्हायचा. पण 11एन बंद केलं की त्यावर उभ्या असलेल्या 11एसी आणि 11एएक्स या नव्या पिढ्याही जातात, आणि वायफाय 6 चं कार्ड वीस वर्षांपूर्वीच्या कार्डासारखं चालू लागतं. ती ओळ काढली, डीकेएमएस पॅकेज मुळासकट उडवलं, नेटवर्क मॅनेजरमधलं पॉवर सेव्हिंग 2 वरून परत 3 वर नेलं, म्हणजे चालू केलं. रीस्टार्टनंतर घरच्या 11एसी राउटरवर आकडा काही शेकड्यांत गेला. तिथली कमाल 866.7 आहे, पण मधल्या दोन भिंती पाहता तक्रारीला जागा नव्हती.

होस्टेलवर परत गेल्यावर

सुट्टी संपली आणि फोन आला. उबंटूत वायफाय दिसतं, जोडलंही जातं, पण नेट नाही. विंडोजमध्ये आहे.

तीच तक्रार परत आल्यासारखं वाटलं, पण हे प्रकरण वेगळं होतं. कार्ड आता ठणठणीत होतं. त्या होस्टेलच्या नेटवर्कवर आता प्रत्येकीच्या मशीनचा मॅक पत्ता, म्हणजे वायफाय कार्डाचा ओळख क्रमांक, नोंदवून घेतात, नोंद नसेल तर नेट सोडत नाहीत. कार्ड एक, मग पत्ताही एकच हवा. तिला विंडोजमधून नोंदवलेला पत्ता वाचायला सांगितला. सुरुवात होती 'डी6'. एवढ्यावर उत्तर मिळालं. मॅक पत्त्याचं दुसरं अक्षर 2, 6, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कार्डावर कारखान्यातून आलेला नसतो, सॉफ्टवेअरने बनवलेला असतो. विंडोजमध्ये यादृच्छिक हार्डवेअर पत्ता वापरायची सोय आहे. ती कोणीतरी चालू केली होती आणि होस्टेलच्या नोंदीत तो बनावट पत्ता गेला होता. उबंटू आसपासची नेटवर्क शोधताना खोटा पत्ता वापरतं, पण जोडताना खरा देतं. नोंदवहीत खरा पत्ता नव्हताच.

तिने विंडोजमध्ये त्या नेटवर्कसाठी ही सोय बंद केली, खरा पत्ता लिहून दिला. नोंद बदलून मिळायला अर्ज करावा लागला आणि त्या अर्जाला सगळ्या तांत्रिक दुरुस्त्यांहून जास्त वेळ लागला.

राहिलं एक. तिचे ब्लूटूथ इअरफोन विंडोजमध्ये वापरले की उबंटूत पुन्हा पेअर करावे लागतात, आणि उलटही. दोन्हीकडे कार्डाचा ब्लूटूथ पत्ता एकच असतो, पण पेअरिंगची गुप्त किल्ली प्रत्येक सिस्टिम आपली वेगळी बनवते आणि इअरफोन त्या पत्त्यासमोर शेवटचीच किल्ली लक्षात ठेवतात. विंडोजच्या रजिस्ट्रीतून ती किल्ली काढून उबंटूच्या ब्लूटूथ फोल्डरातल्या फाइलीत लिहिली की दोन्हीकडे चालतं. मी पद्धत सांगायला सुरुवात केली तेव्हा ती म्हणाली, "राहू दे मामा, मी वायरवाले घेतलेत."